प्लेऑफच्या तोंडावर ग्राउंड क्रू काय करतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहुरीहून बीएस्सी ॲग्री झालेला एक विद्यार्थी अमेरिकेत आयोवात टर्फग्रासचं, म्हणजे मैदानावरच्या गवताचं, शिक्षण घेतो आहे. मिडवेस्ट लीगमधल्या एका हाय-ए बेसबॉल संघाच्या ग्राउंड क्रूमध्ये, म्हणजे मैदान राखणाऱ्या टोळीत, तो हंगामी कामाला लागला आहे आणि संघ हंगामाच्या दुसऱ्या हाफच्या पहिल्या जागेसाठी, म्हणजेच प्लेऑफच्या बाद फेऱ्यांत जाण्यासाठी, झगडतो आहे. त्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. या शेवटच्या आठवड्यांत क्रूचं काम किती बदलतं, सामना बघायला मिळतो का, आणि मैदान तयार करताना आपल्या संघाला थोडा हात देता येतो का? मी बरीच वर्षं हेच काम करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कामाची यादी एप्रिलमध्ये असते तीच सप्टेंबरमध्ये असते. पण ऑगस्टच्या मध्याला माणसं कमी होतात, गवत दमलेलं असतं आणि पावसात गेलेला सामना परत मिळण्याची शक्यता दर आठवड्याला घटत जाते. तिन्ही गोष्टी एकदम अंगावर येतात.

आधी गुणतालिकेचं गणित सांगतो, कारण आपला प्लेऑफशी खरा संबंध तिथे येतो. २०२१ च्या फेररचनेनंतर मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगच्या, क्लबांशी जोडलेले मायनर लीगचे १२० संघ चार पायऱ्यांवर आहेत. तुमची हाय-ए ही त्यातली खालून दुसरी. हंगाम १३२ सामन्यांचा, त्याचे दोन हाफ. मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा सामने, सोमवारी सुट्टी. प्रत्येक विभागातून पहिल्या हाफचा विजेता आणि दुसऱ्या हाफचा विजेता प्लेऑफला जातात. आता समजा एका संघाचे ६६ पैकी ३८ विजय आणि २८ पराभव झाले. दुसऱ्याचे दोन सामने पावसाने रद्द झाले, म्हणून त्याचे ३७ विजय आणि २७ पराभव. पहिल्याची टक्केवारी .५७६, दुसऱ्याची .५७८. एक विजय कमी असलेला संघ पुढे जातो! शेवटच्या मालिकेत वाहून गेलेला सामना बहुतेक वेळा भरून काढला जात नाही, कारण त्यानंतर ते दोन संघ समोरासमोर येतच नाहीत. आठवड्याच्या सुरुवातीला गेला तर दुसऱ्या दिवशी सात-सात इनिंगचे (एरवी नऊ असतात) दोन सामने खेळवून निभावता येतं. शनिवारी-रविवारी गेला की गेला.

म्हणून ऑगस्टनंतर तुमच्या ताडपत्रीकडे प्रतिस्पर्धी संघ, अंपायर आणि लीगचं ऑफिस असे सगळेच बघत असतात. एरवी हवामान किंवा मैदान बघून सामना सुरू करायचा की नाही हे यजमान संघ ठरवतो आणि बॅटिंगच्या याद्या अंपायरच्या हातात गेल्या की निर्णय अंपायरचा. पण बेसबॉलच्या नियमावलीत याला एक अपवाद लिहून ठेवलेला आहे. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत, गुणतालिकेवर परिणाम होण्यासारखा सामना असेल, तर लीगचा अध्यक्ष यजमान संघाचा हा अधिकार स्वतःकडे घेऊ शकतो. हा नियम ज्याने लिहिला त्याला माणसाचा स्वभाव चांगलाच ठाऊक होता. पुढे असलेल्या संघाला पाऊस गोड लागतो.

याहून कडक कलम थेट आपल्यावर आहे. खेळ थांबवल्यावर मैदान पुन्हा तयार करण्याबद्दल अंपायरने क्रूला दिलेला हुकूम पाळला गेला नाही, तर सामना पाहुण्या संघाला बहाल करता येतो. हे नुसतं कागदावर नाही. १५ ऑगस्ट १९४१ रोजी वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर यजमान सेनेटर्स आठव्या इनिंगमध्ये ६-३ असे पुढे होते. पाऊस आला, मैदान झाकलं गेलं नाही, अंपायरांनी सामना तिथेच संपवला. बॉस्टन रेड सॉक्सने तक्रार केली आणि लीगचे अध्यक्ष विल हॅरिज यांनी तो सामना बॉस्टनला देऊन टाकला. मैदानावर जिंकत आलेला सामना ताडपत्रीपायी गेला. तेव्हा पाऊस आपल्या संघाच्या फायद्याचा असो की तोट्याचा, ताडपत्री त्याच वेगाने पसरायची आणि त्याच वेगाने काढायची. जनरल मॅनेजर डोळे मिचकावून काही सुचवत असेल तर ऐकू आलं नाही असं दाखवायचं.

ताडपत्री म्हणजे काय प्रकरण आहे ते तुम्ही आतापर्यंत बघितलं असेलच, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो. इनफील्डची, म्हणजे बेसच्या (धावण्याच्या टप्प्यांच्या) चौकोनावर टाकायची, ताडपत्री साधारण १७० फूट बाय १७० फुटांची असते. नुसती कोरडी असताना तिचं वजन पाचशे किलोच्या आसपास भरतं. तिच्यावर एक इंच पाऊस पडला की जवळजवळ ६८ हजार लिटर पाणी साठतं, म्हणजे दुष्काळात गावाला येणारे दहा हजार लिटरचे सात टँकर. ते पाणी ताडपत्रीच्या कडा उचलून, ओढत नेऊन गवतावर ओतायचं असतं, आणि ओतायचं ते जिथून निचरा लवकर होतो तिथेच. हे काम पंधरा-वीस माणसांचं आहे.

आणि नेमकी तीच माणसं ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात नाहीशी होतात. कॉलेजं सुरू होतात. जून-जुलैमध्ये वीस पोरं हाताशी होती, तिथे आता तुम्ही, हेड ग्राउंडस्कीपर, त्याचा असिस्टंट आणि एखादा निवृत्त शाळामास्तर उरतो. मग तिकीट विकणारी मुलगी, जाहिरातीवाला, दुकानातला पोऱ्या, कधी कधी खुद्द जनरल मॅनेजर असे सगळे ताडपत्री ओढायला येतात. मायनर लीगमध्ये यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण या मंडळींना वाऱ्याचा अंदाज नसतो, म्हणून त्यांना शिकवणं हे तुमचं काम आहे आणि ते कोरड्या दिवशी करायचं. तीनच गोष्टी सांगा. कडा गुडघ्याच्या वर उचलायची नाही. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. वारा आत शिरून ताडपत्री फुगली की सोडून द्यायचं, लटकायचं नाही. वाऱ्याच्या बाजूची कड आधी वाळूच्या पिशव्यांनी दाबायची, बाकीच्या नंतर. रोल फिरत असताना त्याच्या पुढे कुणीही उभं राहायचं नाही, कितीही नावाजलेला खेळाडू असला तरी! १९८५ च्या ऑक्टोबरात सेंट लुईसचा विन्स कोलमन सामन्याआधी मैदानावर सराव करत होता. तिथली ताडपत्री यंत्रावर आपोआप चालणारी होती. ती त्याच्या पायावर चढली आणि लीगमधला सगळ्यात वेगवान धावणारा माणूस वर्ल्ड सिरीजला मुकला. त्या वर्षी त्याने ११० बेस चोरले होते, म्हणजे पिचर (चेंडू टाकणारा) चेंडू टाकत असताना धावून पुढचा बेस गाठला होता.

ताडपत्री कधी टाकायची हा त्याहून अवघड प्रश्न. पाऊस येणार म्हणून दुपारी बारालाच टाकून बसलात आणि ऊन राहिलं, तर खालचं गवत उकडून निघतं. ऑगस्टच्या उन्हात दोन-तीन तासांत पिवळे पट्टे दिसू लागतात. उशीर केला तर माती भिजते आणि संध्याकाळचा सामना जातो. रडार सगळेच बघतात. मोबाईलवरचा हिरवा-पिवळा ढग इकडे सरकताना बघून ऑफिसातून फोनवर फोन येतात. पण ढग आपल्या मैदानावर पोचेपर्यंत विरतो की वाढतो, हे त्या गावात काही पावसाळे काढल्यावरच कळतं. तुमचा हेड ग्राउंडस्कीपर रडार बाजूला ठेवून पश्चिमेकडे नुसता बघत उभा राहिला, तर त्याला त्या वेळी काही विचारू नका. आणि वीज दिसली की काम थांबलं. सलग अर्धा तास वीज दिसली नाही, कडाडली नाही, तरच मैदानावर परत जायचं, मग तोवर माती भिजली तरी भिजू दे.

भिजलीच तर पहिली ओढ पोतं फाडण्याची असते. भाजलेल्या चिकणमातीचे दाणे, टर्फेससारखे, पाणी शोषतात हे खरं. पण डबक्यात पोत्यावर पोतं ओतलं की सामना होतो आणि पुढचे दहा दिवस तिथे माती सैल राहते. आधी पाणी पंपाने किंवा स्पंजाने उचला, मगच दाणे, आणि तेही हाताने पसरून. झाडूने पाणी गवतावर लोटलं तर माती त्याबरोबर जाते आणि गवताच्या कडेला उंचवटा तयार होतो. चेंडू त्या कडेवर आपटून शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) हनुवटीवर गेला की सगळं स्टेडियम तुमच्याकडे वळून बघतं. तुमच्याच लीगमधलं डॅव्हनपोर्टचं मैदान मिसिसिपीच्या काठावर आहे. १९९३ च्या पुरात ते पाण्याखाली गेलं होतं आणि पुढे नदीच्या बाजूला पूरभिंत बांधावी लागली. तिथल्या क्रूसमोर पाण्याची तक्रार करायला गेलात तर ते नुसते हसतील.

आता मातीबद्दल, कारण सप्टेंबरमध्ये चांगलं चाललेलं मैदान बिघडतं ते बहुतेक इथे. इनफील्डच्या मातीत साधारण दोन तृतीयांश वाळू आणि उरलेला गाळ व चिकणमाती असते. ती सगळी करामत पाण्यावर चालते. तुम्ही शेतकी शिकलेले, तुम्हाला वाफसा समजावून सांगायची गरज नाही. इथेही तेच हवं असतं, फक्त पेरणीऐवजी संध्याकाळी साडेसहाला हवं असतं. खेळाडूच्या बुटाचा खिळा मातीत सहज आत जावा, सहज बाहेर यावा आणि बाहेर येताना ढेकूळ उचलून आणू नये. जुलैमध्ये त्यासाठी सकाळी मुरवून पाणी, दुपारी पुन्हा आणि सामन्याआधी शेवटचा हात असं करावं लागतं. तेच वेळापत्रक सप्टेंबरात चालू ठेवलं की चिखल होतो. तुमच्याकडे जुलैत साडेआठनंतर मावळणारा सूर्य सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात साडेसातच्या सुमारास जातो, ऊन तिरकं झालेलं असतं, रात्री दव पडतं. पाणी उडून जाण्याचा वेग कमी होतो. नळी तीच, हात तोच, सवय तीच, आणि अंदाज मात्र पंधरा दिवस मागचा. प्लेऑफच्या धाकाने माणसं नेहमीपेक्षा जास्त पाणी मारतात, माती सपाट करायची मॅट जास्त ओढतात, जास्त माती भरतात. मैदानावर अति काळजी दिसून येते. खेळाडूंना एप्रिलपासून ज्या मातीची सवय झाली आहे तीच माती त्यांना शेवटच्या रविवारी मिळाली पाहिजे, याहून मोठी मदत तुम्ही त्यांना करू शकत नाही.

माउंडकडे, म्हणजे पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो त्याच्याकडे, मात्र कितीही लक्ष दिलं तरी अति होत नाही. मापं ठरलेली आहेत. बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटपासून रबर (पिचरने पाय टेकवायची पट्टी) ६० फूट ६ इंच, रबराची उंची प्लेटपेक्षा १० इंच जास्त, रबराच्या पुढे सहा इंच सपाट आणि मग दर फुटाला एक इंच उतार. पिचरचा पुढचा पाय त्या उतारावर रोज एकाच जागी आपटतो, आणि दोन्ही संघांचे मिळून आठ-दहा पिचर येऊन गेले की तिथे विहीर झालेली असते. सामना संपल्यावर लोक पार्किंगमध्ये गाड्या काढत असतात तेव्हा तुमचं काम सुरू होतं. आधी सुटी माती ब्रशने पूर्ण काढायची, अगदी घट्ट तळ दिसेपर्यंत. घाईत सुट्या मातीवरच नवी चिकणमाती घातली तर ती पोळीच्या पापुद्र्यासारखी सुटून येते, आणि ती सुटते नेमकी सातव्या इनिंगमध्ये. खड्ड्याच्या तळाला थोडं पाणी मारायचं, चमक जाईपर्यंत थांबायचं, मग माउंडसाठीची चिकणमाती थराथराने भरायची. धुम्मस चिकटू नये म्हणून त्याला पोत्याचा तुकडा किंवा प्लास्टिक गुंडाळायचं. प्रत्येक थर ठोकताना कान द्या. नीट बसलेल्या मातीवर धुम्मस कोरडं, ठणठणीत वाजतं. आत सैल राहिलं असेल तर आवाज दबका येतो. मग उताराची फळी लावून बघायचं, वरून दाण्यांचा पातळ थर, आणि झाकण. सकाळी उघडल्यावर माती बोटाने दाबून बघा. नख शिरलं पाहिजे, बोट शिरता कामा नये. बुलपेनच्या, म्हणजे बदली पिचर जिथे हात मोकळा करतात तिथल्या, माउंडना हेच सगळं करायचं, कारण रिलीफ पिचर तिथून उठून येतो आणि मुख्य माउंड त्याला वेगळा लागला की तो पहिले चार चेंडू पायाखालची माती चाचपण्यात घालवतो. थकलेल्या क्रूची पहिली काटकसर बुलपेनवर होते. तुम्ही ती करू नका.

गवताचं थोडक्यात. तुमच्याकडे केंटकी ब्लूग्रास आणि रायग्रास. दक्षिणेकडच्या मैदानांवर असतं ते बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, तिला ऑगस्ट मानवतो. तुमच्या गवताला नाही. पहिल्या बेसमनच्या उभं राहण्याच्या जागेसमोर आणि आउटफिल्डर जिथे तासन् तास उभे राहतात तिथे गवत झिजलेलं असतं. ब्लूग्रासचं बी उगवायला दोन ते चार आठवडे घेतं, तेव्हा ऑगस्टअखेर पेरून प्लेऑफला उपयोग नाही. रायग्रास आठवडाभरात वर येतं. त्याचं बी दोन दिवस भिजवून, मोड आणून, वाळूत मिसळून खड्ड्यांत भरतात. उष्ण दमट रात्री पानांवर बुरशी धरते, म्हणून संध्याकाळी उशिरा गवताला पाणी नाही. कापण्याची उंची या काळात कमी करू नका, टीव्हीवर छान पट्टे दिसावेत म्हणून तर अजिबात नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, संघाला हात देण्याचा. क्रिकेटमध्ये यजमान खेळपट्टी आपल्याला हवी तशी करतो आणि त्यात कुणाला फारसं वावगं वाटत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ती तुटणं हा तर खेळाचाच भाग. बेसबॉलमध्ये मैदानाने रोज सारखं वागावं अशी अपेक्षा असते. तरीही हा उद्योग जुना आहे. सगळ्यात गाजलेला किस्सा १९६२ च्या ऑगस्टमधला. डॉजर्सचा मोरी विल्स बेस चोरण्यात कुणाला ऐकत नव्हता, त्या हंगामात त्याने १०४ चोरले. सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर जायंट्सचा ग्राउंडस्कीपर मॅटी श्वॉब याने पहिल्या बेसजवळची माती उकरून तिथे वाळू आणि पीट भरलं आणि भरपूर पाणी मारून ठेवलं. अंपायरांनी ते काढायला लावलं. पुन्हा भरलेलं इतकं सैल होतं की विल्सला पाय रोवताच येईना. जायंट्सने ते तिन्ही सामने जिंकले, हंगामाअखेर दोन्ही संघ बरोबरीत आले आणि निर्णायक मालिकाही जायंट्सने घेतली. खेळाडूंनी वर्ल्ड सिरीजच्या कमाईतला एक पूर्ण वाटा श्वॉबला दिला.

हा किस्सा आमच्या धंद्यात सगळे चवीने सांगतात, मीही सांगतो. पण तुमच्या मैदानावर त्याचं काही काम नाही. मायनर लीगमधले खेळाडू मोठ्या क्लबच्या पगारावर असतात. त्या क्लबला तुमच्या गावाच्या ट्रॉफीपेक्षा त्या पोरांचे गुडघे आणि खांदे महत्त्वाचे. सैल मातीत त्यांच्याच पिचरचा घोटा मुरगळला तर फोन कुठून येईल याचा विचार करा. मॅनेजरने, म्हणजे संघाच्या प्रशिक्षकाने, होम प्लेटसमोरची माती जरा ओलसर मागितली, कारण त्याचा पिचर चेंडू खाली टाकणारा आहे आणि जमिनीवर बसलेले फटके ओल्या मातीत मंदावतात, तर एवढं चालतं. ते सगळीकडे होतं आणि अंपायरही बोलत नाहीत. त्यापुढे हेड ग्राउंडस्कीपरशी बोला म्हणून सांगायचं आणि नळी गुंडाळायला लागायचं.

याच कारणाने शर्यतीचा एक वेगळाच अनुभव तुम्हाला येईल. ऑगस्टमध्ये संघाचा सगळ्यात चांगला बॅटर वरच्या पायरीवर, डबल-एला, बढती मिळून जातो. पहिल्या जागेपासून एक सामना दूर असताना जातो. गावातले लोक चिडतात, पोरगा मात्र आनंदाने बॅग भरतो आणि त्याचं बरोबरच असतं, तो इथे त्यासाठीच आलेला असतो. त्याच्या जागी खालून एक भेदरलेला विशीतला मुलगा येतो. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत सलग त्या मैदानावर राहिलेले लोक मोजायला बसलात तर खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतील. बाकी आपण, ऑफिसवाले, बिअर विकणारे आणि सीझन तिकिटाचे म्हातारे.

सामना बघायला मिळतो का? मिळतो, पण तुकड्यांत आणि वाकड्या कोनातून. क्रूची बसायची जागा बहुधा फाउल लाइनच्या टोकाला, अवजारांच्या शेडजवळ असते. तिथून चेंडू स्ट्राइक होता की बॉल, म्हणजे योग्य जागेतून गेला की बाहेरून, ते कळत नाही, म्हणून शेडमध्ये रेडिओ चालू ठेवतात. तिसऱ्या आणि सहाव्या इनिंगनंतर मॅट ओढायला धावायचं, दोन-सव्वादोन मिनिटांत बाहेर. काही मैदानांवर क्रूला त्या वेळी गाण्यावर नाचायलाही लावतात. सांगितलं तर नाचा, लाजू नका, पगारात तेही धरलेलं असतं. थोड्या दिवसांनी तुमच्या लक्षात येईल की तुम्ही चेंडूकडे कमी आणि पायांकडे जास्त बघता आहात. पिचरने माउंडवर दोनदा पाय घासला की मनात खड्ड्याचा हिशोब सुरू होतो. जमिनीवरून सरपटत गेलेला चेंडू ग्लव्हमध्ये बसला की आधी श्वास सुटतो, मग आउट झाल्याचं कळतं. बाहेरगावच्या सामन्यांचे आकडे फोनवर चालू असतातच. मॅजिक नंबर, म्हणजे पहिली जागा पक्की व्हायला आपले विजय आणि पाठलाग करणाऱ्याचे पराभव मिळून अजून किती हवेत तो आकडा, शेडच्या दारावर खडूने लिहायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ६६ सामन्यांच्या हाफमध्ये ६७ मधून आपले विजय आणि पाठलाग करणाऱ्याचे पराभव वजा करायचे, झालं. रद्द सामने आले की हे गणित कोलमडतं, मग टक्केवारी काढत बसा. २०२२ मध्ये मायनर लीगमध्ये सगळीकडे कडक पिच क्लॉक, म्हणजे दोन चेंडूंमधल्या वेळेवर घड्याळ, आलं आणि सामने सरासरी २५ मिनिटांनी लवकर संपू लागले. ज्याने रात्री अकरानंतर माउंड भरला आहे त्याला या सुधारणेचं मोल विचारा.

शेवटचा रविवार बऱ्याचदा बाहेरगावी असतो आणि तो विचित्र असतो. संघ तिथे खेळतो आहे, तुम्ही रिकाम्या स्टेडियममध्ये. जिंकले तर मंगळवारपासून तीन सामन्यांची सेमीफायनल. त्यातला एक सामना एकाच्या मैदानावर, उरलेले दुसऱ्याच्या. हरले तर सोमवारी सकाळी सॉड, म्हणजे मुळांसकट गवताचा थर, उपटायचं यंत्र येणार, कारण तुमच्या हवेत गवत बदलायला आणि पेरायला सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सोन्यासारखा असतो. प्लेऑफचा प्रत्येक आठवडा त्या पंधरवड्यातून कापला जातो. त्यातच ऑफिसने कुणाचं लग्न, कुठल्या कंपनीची सहल, एखादी संगीतरात्र आउटफिल्डवर ठरवून ठेवलेली असते. आपला संघ प्लेऑफला जाईल असं जूनमध्ये कुणी धरलेलंच नसतं. त्यामुळे ऑगस्टच्या सुरुवातीलाच ऑफिसकडून सप्टेंबरचं कॅलेंडर मागून घ्या आणि खुर्च्या-मंडप कुठे येणार ते हेड ग्राउंडस्कीपरच्या कानावर घाला. तो स्वतः विचारायला जाणार नाही, त्या दिवसांत त्याला जेवायचीही शुद्ध नसते.

घरच्या मैदानावर जिंकलात तर सगळा संघ माउंडवर धावत येऊन एकमेकांवर उड्या टाकेल. पंचवीस-तीस जणांचे खिळ्यांचे बूट, वर बर्फाच्या पाण्याच्या बादल्या. बघून पोटात गोळा येईल. त्यांना अडवू नका. लोक मैदानावरून गेले की मग ब्रश, पाणी, चिकणमाती, धुम्मस, नेहमीच्याच क्रमाने. पुढची फेरी दोन-तीन दिवसांवर असते.

एक शेवटची गोष्ट, मैदानाबाहेरची. तुम्ही विद्यार्थी व्हिसावर आहात, म्हणजे हे काम सीपीटीवर, म्हणजे शिक्षणाचा भाग म्हणून काम करायच्या परवानगीवर, करत असणार. त्या परवानगीवर सुरुवातीची आणि शेवटची तारीख छापलेली असते आणि त्या तारखेनंतर एक दिवसही काम करता येत नाही, मग फायनल असो नाहीतर काही असो. तुमची तारीख ऑगस्टअखेरची असेल तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात आत्ताच जा आणि ती सप्टेंबरअखेरपर्यंत वाढवून मिळते का विचारा. सत्र सुरू झाल्यावर आठवड्याचे किती तास चालतील तेही तिथेच विचारून घ्या. क्लबकडून नव्या तारखेचं पत्र लागेल. ते पत्र देणाऱ्या बाईंनाच परवा ताडपत्री कशी धरायची ते तुम्ही शिकवणार आहात, तेव्हा एकाच फेरीत दोन्ही कामं उरकून टाका.